अंबादासरावांच्या टेम्पोचं आरपीएम मीटर

रिक्षात बसलो की माझं लक्ष रस्त्याकडे नसतं, इंजिनाकडे असतं. परवा आसरा चौकातून सात रस्त्याला येत होतो. इंजिनाचा एक ठोका मधूनच गळत होता. ड्रायव्हर मोबाइलवर गाणं लावून मजेत होता, बाकीची दोन माणसं मजेत होती, माझा पाय मात्र हलायला लागला. दोन सिग्नल कसेबसे काढले आणि त्याच्या खांद्याला हात लावून म्हणालो, "प्लगची टोपी ढिली आहे, बघून घ्या." तो मागं न बघता म्हणाला, "काका, तुमाला उतरायचं कुटं हाय तेवढं सांगा की." सगळे हसले. मी सात रस्त्याच्या आधीच उतरलो आणि उन्हातून चालत घरी गेलो.

चाळीस वर्षं मी सोलापुरात गाड्यांची वायरिंग केली. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर वाटलं, बॅटरी, सेल्फ, डायनॅमो, यात लोकांनी वाचण्यासारखं काय आहे? पण एक काम डोक्यातून जात नाही. चार वर्षं झाली, अजून जेवताना मध्येच आठवतं आणि मी ताटावरून उठून येरझाऱ्या घालतो. ते लिहून टाकलं तर कदाचित स्वस्थ बसता येईल. बायकोचं मत आहे की तसलं काही होणार नाही.

काम साधं होतं, आरपीएम मीटर बसवण्याचं. इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं ते दाखवणारं हे घड्याळ. काही गाड्यांत कंपनीच देते, स्वस्तातल्या गाड्यांत देत नाही, मग लोक बाजारातून आणून बसवून घेतात. जुन्या पेट्रोल गाडीत हे काम चहा थंड व्हायच्या आत व्हायचं. मीटरला चार वायरी. एक बॅटरीला, एक बॉडीला, एक आतल्या दिव्यासाठी आणि चौथी इग्निशन कॉइलच्या उणे टोकाला. कॉइल प्लगला ठिणगी देते, मीटर त्या ठिणग्या मोजतं आणि तेवढी सुई हलते. एवढंच शास्त्र.

मला स्वतःला या मीटरची गरज कधी वाटली नाही. बॉनेटवर हात ठेवून, कान देऊन मी सांगायचो, "नऊशेवर चाललंय, थोडं कमी करा." मीटर लावून बघितलं तर फार तर पन्नासाचा फरक निघायचा आणि गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं. जुळे सोलापुरातली नोकरदार मंडळी नवी नवी गाडी घेऊन, हातात चकचकीत मीटरचा खोका घेऊन यायची, तेव्हा मी बसवून द्यायचो. मनात म्हणायचो, देवानं कान दिलेत ते कशाला?

अकलूजचे एक बागायतदार जीप घेऊन आले होते. डिझेल जीप. डिझेलला ठिणगीच नसते, मग कॉइल कुठली? बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या पाठीमागं एक टोक असतं, त्यातून ठोके मिळतात. तिथून जोडून दिलं. आठ दिवसांनी साहेब परत. "मिस्त्री, सुई लालपर्यंत जातच न्हाय! वरातीत काय दावायचं?" डिझेल इंजिन तेवढं फिरत नाही, हे मी दोनदा समजावलं. त्यांना ते पटेना. शेवटी मीटरची काच उघडली, धोक्याची लाल पट्टी खालच्या आकड्यावर आणून चिकटवली. साहेब खूश होऊन गेले. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मग गाड्यांत कॉम्प्युटर आला. कागदोपत्री त्याला ईसीएम म्हणतात. वहीएवढा अॅल्युमिनियमचा डबा. ठिणगी कधी द्यायची, पेट्रोल किती सोडायचं, सगळं तोच ठरवतो. कॉइली आता प्लगच्या डोक्यावर बसल्या आणि त्यांची टोकं सरळ कॉम्प्युटरच्या पोटात गेली. पकडून मीटरला जोडावी अशी वायर बाहेर उरलीच नाही. काही कॉम्प्युटर मीटरसाठी एका पिनेतून बारीक इशारा सोडतात, पण साठ-सत्तर पिनांतली ती नेमकी कोणती, हे नकाशा बघितल्याशिवाय कळत नाही.

नकाशा बघायची सवय मला नव्हती. माझं हत्यार म्हणजे टेस्टिंगचा बल्ब. साधा इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला सुई. एक टोक बॅटरीला लावायचं, सुई वायरीत टोचायची. बल्ब कसा पेटतो, किती पेटतो, लुकलुकतो का, यावरून मी गाडीची कुंडली मांडायचो. सोलापुरातल्या माझ्या वयाच्या कुठल्याही वायरमनचा खिसा तपासा, तो बल्ब निघणारच. नव्या गाडीला बल्ब लावायचा नाही, हे मला पुण्याच्या मित्रानं, जो हे कॉम्प्युटर दुरुस्त करतो, दहा वेळा तरी सांगितलं होतं.

अंबादासराव माझ्याकडे आले ते मे महिन्यातल्या एका मंगळवारी. पेट्रोल-गॅसवर चालणारा छोटा चारचाकी टेम्पो घेऊन, शेजारी बायको लक्ष्मीबाई. घरात तेलुगू बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या विणकामात असलेली माणसं. अंबादासरावांनी अठ्ठावीस वर्षं यंत्रमाग चालवला. चोवीस माग एका पत्र्याखाली खडखडत असले म्हणजे कानाचं काय होतं ते सोलापुरात कुणाला सांगायला नको. कारखाना बंद पडला तेव्हा कान जवळजवळ गेलेले. मग टेम्पो घेतला आणि टॉवेलचे गठ्ठे दुसऱ्या एका कारखान्यातून ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचवायचं काम धरलं. कानात मशीन होतं, लायसन रीतसर होतं, समोरासमोर बोललं तर कळायचं. पण इंजिनाच्या घरघरीत ते मशीन नुसतं खरखरायचं.

ते मोठ्यानं बोलायचे. "मिस्त्री, काटा बसवून पायजे. गाडी किती वरडती ते दावणारा काटा."

मला वाटलं, यांना कशाला ही हौस? तेवढ्यात लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मिस्त्रीअण्णा, त्यांचा काटा आत्तापतूर मीच हाय की."

मग कळलं. तीन वर्षं ही बाई रोज टेम्पोत शेजारी बसत होती. मांडीवर सूप, सुपात विड्या वळायची तेंदूची पानं, डावा हात पानं सारखी करतोय आणि उजवा हात नवऱ्याच्या गुडघ्याजवळ. इंजिन ओरडायला लागलं की ती गुडघ्यावर थापटायची, मग ते गिअर बदलायचे. दोनदा थापटलं की खालचा गिअर. इंजिन दमतंय का ओरडतंय हे त्यांना बायकोच्या हातावरून कळायचं.

"पोरगी भिवंडीला हाय," त्या म्हणाल्या. "पहिलं बाळंतपण. शुक्रवारची गाडी हाय माझी. दोन महिने तरी येणं न्हाय."

"टॉवेलवाल्या शेठनं सांगितलंय," अंबादासराव म्हणाले, "टेम्पो उभा ऱ्हायला तर दुसरा लावतो. आनि एकदा दुसरा लावला की मग आपला कोन घेतंय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आरपीएम मीटर कुणालातरी खरोखर लागतं आहे असं दिसलं, आणि माझे हात शिवशिवायला लागले. आत्ता, ताबडतोब बसवून द्यावं असं झालं. पुण्याच्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "गाडीचा नंबर पाठव, संध्याकाळपर्यंत नकाशा पाठवतो. तोवर हात लावू नको." तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. संध्याकाळपर्यंत मी काय करायचं होतं? एक चहा घेतला. नट-बोल्टचे पाने जागेवर लावले. पुन्हा काढून पुन्हा लावले. फोन चार वेळा बघितला. साडेबाराला मी टेम्पोचं सीट उचललं, कॉम्प्युटरच्या वायरींचा जोड हाताशी दिसला, इंजिन चालू केलं आणि खिशातून बल्ब काढला.

मनाची समजूत घातली होती की नुसतं बघायचंय. लुकलुकणारी वायर सापडली की तीच आपली. पहिल्या तीन वायरींना काही झालं नाही. चौथीला बल्ब मंद पेटला. मी वाकून बघेपर्यंत इंजिन बंद पडलं.

नंतर समजलं की ती वायर सेन्सरची होती. कॉम्प्युटर तिच्यातून जपून पाच व्होल्ट देत असतो आणि मी बॅटरीचे बारा माझ्या बल्बातून तिच्यात घुसवले. ना धूर निघाला ना वास आला. जुनी गाडी जळायची तेव्हा निदान सांगून जळायची. इथं पुन्हा चावी फिरवली तर सेल्फ फिरतोय, फिरतोय, आणि इंजिन मात्र ढिम्म.

अंबादासराव आणि लक्ष्मीबाई माझ्या गाळ्यासमोरच्या आवाराच्या पलीकडच्या टोकाला, लिंबाखाली बाकावर बसले होते. मी गाळ्याच्या दारात उभा राहून मित्राला फोन केला. "अरे, मीच घालवला कॉम्प्युटर," मी म्हणालो. "बल्ब लावला रे. राहवलं नाही." त्यानं दोन-चार शिव्या दिल्या आणि म्हणाला, आजच्या बसनं पाठव, गुरुवारी सकाळी परत मिळेल.

मग आवार ओलांडून मी त्यांच्याकडे गेलो. पन्नास पावलं असतील. त्या पन्नास पावलांत मी जे ठरवलं ते आमच्या धंद्यात सगळेच ठरवतात. मी म्हणालो, "कॉम्प्युटर गेला. आधीच कमजोर होता, या गाड्यांत होतं असं. पण काळजी नको, खर्च माझ्याकडे लागला. तुमची अडचण आहे, मी जाणतो."

लक्ष्मीबाईंनी हात जोडले. "अण्णा, तुमी देवमाणूस हाय."

अंबादासरावांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाले, "बरं."

त्या दोन दिवसांत मी स्वस्थ बसलो नाही. बुधवारी एका गाडीची हेडलाइट उलटी जोडली. दुपारी जेवायला घरी गेलो आणि न जेवताच परत आलो. खर्च मी करतोच आहे ना, मग खरं काय नि खोटं काय, असं स्वतःला समजावत होतो. पण मला टोचत होतं ते वेगळंच. चूक माझी, आणि वर देवमाणूस झालो होतो मीच. फुकटात मिळालेलं ते मोठेपण कुठं ठेवावं कळेना.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर आला, सोबत मित्रानं नकाशा आणि एक छोटी डबी पाठवली होती. डबा जागेवर बसवला, चावी फिरवली, इंजिन लागलं. मला रडू यायचं बाकी होतं. तेवढ्यात नवराबायको आले. लक्ष्मीबाईंच्या हातात स्टीलचं ताट, ताटात नारळ, हळदकुंकू आणि कोरा करकरीत टॉवेल. आमच्याकडे कुणाचा मान करायचा तर टॉवेल-नारळ देतात. शेजारच्या गाळ्यातले दोघं-तिघं बघायला आले. अंबादासरावांनी टॉवेल उलगडला, दोन्ही हातांनी नीट माझ्या खांद्यावर घातला आणि कडा सरळ केल्या. अठ्ठावीस वर्षं टॉवेल विणलेल्या माणसाचा हात होता तो.

मी काही धाडस केलं असं नाही. तो टॉवेल खांद्यावर पडला आणि मला तो पेलवेना. मी तो काढून हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "कॉम्प्युटर कमजोर नव्हता. मी बल्ब लावला म्हणून उडाला. मला थांबायला सांगितलं होतं, मी थांबलो नाही. आणि तुमच्याशी खोटं बोललो."

लक्ष्मीबाईंनी पुढं केलेलं ताट मागं घेतलं. शेजारचे पांगले.

अंबादासराव म्हणाले, "मंगळवारीच कळलंय की मला."

"कसं?"

त्यांनी आपल्या डोळ्यांखाली बोट ठेवलं. "मागावर कोन कुनाचं ऐकतंय, मिस्त्री? ह्या टोकाच्या मागावरनं त्या टोकाच्या मानसाशी बोलायचं तर ओठच बघायचं. तुमी फोनवर बोलत व्हता तवा मी हिकडूनच बघितलं. 'मीच घालवला.' नंतर तुमी आला आनि दुसरंच बोलला."

"मग तेव्हाच का नाही बोललात? भांडायचं होतं माझ्याशी!"

"भांडून टेम्पो चालू झाला असता का?" ते म्हणाले. "म्हनलं, बघू."

लक्ष्मीबाई तेलुगूत नवऱ्याला काहीतरी झणझणीत बोलल्या. बहुधा, मला का सांगितलं नाही, असं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "माझी गाडी उद्या हाय. आता काटा बसवा." त्यात राग होता, आणि तो असायलाच हवा होता.

काटा बसवला. नकाशात बोट ठेवून पिना मोजल्या, दोनदा मोजल्या, लक्ष्मीबाईंकडून तिसऱ्यांदा मोजून घेतल्या. वायर सोलून सोल्डरिंग केलं. टोचाटोची काही केली नाही. मीटर चार सिलिंडरचं, टेम्पोचं इंजिन दोन सिलिंडरचं, त्यामुळे नुसतं जोडलं असतं तर सुईनं निम्माच आकडा दाखवला असता. तसंही चाललं असतं, गिअर कधी बदलायचा त्याच्या खुणा तर मीच करून देणार होतो. पण एकदा खोटं बोलून झालं होतं, मीटरलाही खोटं बोलायला लावायचं जिवावर आलं. मित्रानं पाठवलेली डबी मध्ये जोडली, ती ठोके दुप्पट करून पुढं पाठवते. इंजिन चालू केलं. सुई उठली, थरथरली आणि नऊशेवर थांबली.

मग अक्कलकोट रोडला चक्कर मारून, इंजिनाचा आवाज ऐकत मी मीटरच्या काचेवर खुणा केल्या. इथं दुसरा गिअर, इथं तिसरा, इथून खाली आली तर परत मागचा. परत येऊन मोठ्या तोऱ्यात सांगितलं, झालं काम.

अंबादासराव म्हणाले, "आता माज्यासारखं चालवून बघा."

त्यांनी गाळ्यातला कापसाचा बोळा घेऊन माझ्या कानात कोंबला, वरून तो मानाचा टॉवेल डोक्याभोवती करकचून आवळला. मी स्टिअरिंगवर, ते शेजारी, मागच्या हौद्यात लक्ष्मीबाई उभ्या. पहिल्या दोनशे मीटरमध्ये मी घाबरलो, हे कबूल करतो. माझ्या पायाखाली इंजिन होतं आणि मला ते सापडत नव्हतं. जन्मात असं झालं नव्हतं. पहिल्याच गिअरमध्ये किती पुढं आलो कळेना. मीटर मी खाली, रेडिओच्या जागी बसवलं होतं. त्याच्याकडे बघायला मान वळवली तर समोर सायकलवाला. कचकन ब्रेक मारला, टेम्पो बंद पडला, मागून लक्ष्मीबाईंनी पत्र्यावर हात आपटला. तो मात्र मला जाणवला.

ऐकू येणारा माणूस मीटर कुठंही बसवतो, कारण त्याला ते बघावं लागत नाही. परत आल्यावर मी ते काढून वर, समोरच्या काचेच्या कडेला, रस्त्याच्या रेषेत बसवलं. खुणा रुंद केल्या. पुन्हा कान बांधून चक्कर मारली. तिसऱ्या फेरीत गिअर जिथं पडायला हवा तिथं पडला. चौथी फेरी अंबादासरावांनी मारली, लक्ष्मीबाई शेजारी हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, थापटायचं नाही म्हणून. त्यांना ते किती जड गेलं ते मी मागून बघत होतो. दुसऱ्या दिवशी त्या भिवंडीला गेल्या, आणि दोन महिन्यांनी नातीचा फोटो घेऊन आल्या तेव्हा टेम्पो त्याच शेठकडे होता.

पण मला राहून राहून आठवतं ते त्या गुरुवारच्या चौथ्या फेरीनंतरचं. टेम्पो गाळ्यासमोर उभा होता, इंजिन चालू. मी कानातला कापूस काढला. अंबादासरावांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला आणि विचारलं, "मिस्त्री, एक इचारू? टेम्पो घेतला तवा कान गेलेच व्हते माजे. आवाज कसा हाय वो ह्याचा?"

लक्ष्मीबाई घाईनं म्हणाल्या, "चांगला हाय म्हनून सांगितलंय की मी."

झकास आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"इंजिन चांगलं आहे," मी सावकाश म्हणालो. "पण अल्टरनेटरचं बेअरिंग कुरकुरतंय. मंगळवारीच ऐकलं होतं. महिनाभर काढेल, दोन नाही."

अंबादासरावांनी माझ्या तोंडावरची नजर काढली. चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खाली उतरून बाकाकडे चालू लागले.

"खोला मग," पाठ फिरवूनच म्हणाले.